कोणतं लिनक्स शिकू?

“लिनक्स शिकायचं ठरवलंय, पण कोणतं शिकू?” संगणकाशी थोडीफार ओळख झालेला माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारला, तर वसतिगृहात शेजारच्या खोलीतलं कुणीतरी उत्तर देतं आणि उत्तर चुकलं तर निस्तरायलाही तेच असतं. रत्नागिरी तालुक्यातल्या जयगडमध्ये बसून विचारला, की त्याच प्रश्नाला आणखी पदर सुटतात. संगणक अडून बसला तर जवळची बाजारपेठ वाटद-खंडाळा. तिथे काम झालं नाही, तर चाफे तिठ्यावरून थेट रत्नागिरी, म्हणजे एका बाजूची चाळीसेक किलोमीटरची रपेट. इंटरनेट बहुतेकांकडे मोबाइलच्या रोजच्या कोट्यातलं. आणि गावाला लागून १२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प असला, तरी पावसाळ्यात घरातली वीज कधी जाईल याचा नेम नाही.

म्हणून हा प्रश्न आपण जयगडमध्ये बसूनच सोडवू. इथे जे उत्तर टिकेल, ते गुहागरला, देवगडला आणि पुण्यातही टिकेल.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. लिनक्सचं नाव निवडण्यात वेळ घालवू नका, घराणं निवडा. आणि ते निवडताना दोनच गोष्टी पाहा : आपल्याला काम कोणतं करायचं आहे, आणि अडल्यावर विचारायला कोण आहे. असं का, ते आता पायरीपायरीने पाहू.

१. लिनक्स म्हणजे नेमकं काय?

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक छोटी संगणकप्रणाली लिहीत आहोत. त्याने लिहिला तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाला किती, डिस्कवर काय कुठे लिहायचं, की-बोर्डवरची कळ कुणाकडे पोचवायची, ही सगळी कामं कर्नल करतो. पण नुसत्या कर्नलवर साधं पत्रही लिहिता येत नाही. त्याला आज्ञा देण्याची साधनं लागतात, खिडक्या आणि मेनू लागतात, ब्राउझर लागतो, नवे प्रोग्रॅम बसवायची सोय लागते. यातली बरीच मूळ साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली.

जयगडच्या जेटीवर उभ्या असलेल्या नौका पाहा. एकाच बनावटीचं इंजिन एका नौकेत जाळं ओढायला लागतं आणि दुसरीत माणसं पलीकडे न्यायला. नौकेचा सांगाडा, सुकाणू, बर्फाचा कप्पा, वायरलेस हे सगळं बांधणारा आपापल्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरवतो. कर्नल म्हणजे ते इंजिन, आणि इंजिनासकट पाण्यात उतरायला तयार असलेली अख्खी नौका म्हणजे डिस्ट्रिब्युशन, बोलीत ‘डिस्ट्रो’. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या सगळ्या डिस्ट्रो आहेत. म्हणून ‘कोणतं लिनक्स’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘कोणती डिस्ट्रो’ असा होतो.

२. मग इतक्या डिस्ट्रो कशाला?

लिनक्सच्या परवान्यामुळे. जीपीएल नावाचा हा परवाना सांगतो : कर्नल घ्या, वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. अट एकच, दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याचा मूळ कोडही त्याच मोकळीकीसह द्या. अशी मुभा मिळाल्यावर डिस्ट्रो पायलीला पन्नास झाल्या नसत्या तरच नवल. त्यातल्या बहुतेक मात्र दोन मोठ्या घराण्यांच्या शाखा आहेत.

पहिलं घराणं डेबियनचं. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ते सुरू केलं आणि आजही ते जगभरचे स्वयंसेवक चालवतात. दक्षिण आफ्रिकेतले उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबंटू उभं केलं. त्या काळी मागेल त्याला उबंटूची सीडी टपालाने फुकट घरपोच येत असे. ही सोय २०११ पर्यंत चालू होती आणि भारतातल्या कित्येकांची लिनक्सशी पहिली ओळख त्या सीडीनेच झाली. उबंटूवर २००६ मध्ये लिनक्स मिंट आलं. सुरक्षा-तपासणीसाठीचं काली, छोट्या रास्पबेरी पाय संगणकावरची प्रणाली आणि आपल्या सी-डॅकने बनवलेलं ‘बॉस’ हीसुद्धा डेबियनचीच लेकरं.

दुसरं घराणं रेड हॅटचं. ही अमेरिकी कंपनी १९९० च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तिचं मुख्य उत्पादन रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स. ते पैसे भरून, मदतीच्या करारासकट घ्यायचं असतं. नव्या गोष्टी आधी फेडोरामध्ये येतात आणि तिथे मुरल्यावर या मुख्य उत्पादनात उतरतात. रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स आणि ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं ॲमेझॉन लिनक्स ही याच घराण्यातली नावं.

या दोन घराण्यांबाहेर जर्मनीतून आलेलं सुसे आहे, हौशी जाणकारांचं आर्च आहे, १९९३ पासून आपला हेका न सोडणारं स्लॅकवेअर आहे. सुरुवात करणाऱ्याने त्यांची नावं ऐकून ठेवली तरी पुरे.

एक सावधगिरी. ‘पहिल्या दहा लोकप्रिय डिस्ट्रो’ अशा क्रमवारीवर विसंबू नका. डिस्ट्रोवॉचची प्रसिद्ध यादी त्या डिस्ट्रोचं माहितीपान किती जणांनी उघडलं ते मोजते. संगणकावर ती बसवली किती जणांनी, हे त्या यादीतून कळत नाही.

३. घराणं ओळखायची खूण

खूण म्हणजे नवा प्रोग्रॅम बसवायची पद्धत. लिनक्समध्ये दहा ठिकाणांहून फाइली उतरवत बसायचं नसतं. डिस्ट्रोच्या भांडारातून हवा तो प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या बाकीच्या तुकड्यांसह, एका आज्ञेने येतो. हे काम करणाऱ्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. डेबियन घराण्यात त्याचं नाव ॲप्ट, रेड हॅट घराण्यात डीएनएफ.

एक काम दोन्हीकडे करून पाहू. वेबसाइट दाखवणारा अपाची नावाचा सर्व्हर बसवायचा आहे. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

उबंटूवर आज्ञा : सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाची२

रॉकीवर आज्ञा : सुडो डीएनएफ इन्स्टॉल एचटीटीपीडी

सर्व्हर तोच, पण दोन घराण्यांनी त्याचं बारसं वेगवेगळं केलं आहे. पुढे गंमत वाढते. उबंटूवर बसवून झालं की सर्व्हर आपोआप सुरू होतो. रॉकीवर तो गप्प असतो. ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेने त्याला सुरू करावं लागतं आणि संगणक पुन्हा चालू केल्यावरही उठ, असं वेगळं सांगावं लागतं. तेवढं करूनही दुसऱ्या संगणकावरून पान दिसत नाही, कारण रॉकीची फायरवॉल दार लावून बसलेली असते. ते उघडलं आणि वेबसाइटच्या फाइली आपल्या सोयीच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवल्या, की ‘परवानगी नाही’ असा निरोप येतो. फाइलची परवानगी तर तंतोतंत बरोबर असते! अडवणारा असतो एसई-लिनक्स नावाचा जादा पहारेकरी. प्रत्येक फाइलवर तिच्या कामाची चिठ्ठी चिकटवलेली असावी, असा त्याचा आग्रह असतो. ‘वेबसाइटची फाइल’ ही चिठ्ठी नसेल, तर तो सर्व्हरला तिला हात लावू देत नाही.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. रेड हॅट घराण्याचा स्वभाव ‘आधी बंद, मग गरजेपुरतं उघडा’ असा आहे. मोठ्या कंपन्यांना तो आवडतो, नवशिक्याला मात्र पहिल्याच दिवशी तीन दारांवर डोकं आपटावं लागतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फोल्डरांची रचना, फाइलच्या परवानग्या, आज्ञा लिहिण्याची रीत, मजकूर शोधणारं ‘ग्रेप’, दूरच्या संगणकात शिरण्याचं ‘एसएसएच’, सेवा चालू-बंद करणारं ‘सिस्टमसीटीएल’ हे सगळं दोन्हीकडे सारखंच आहे. एका घराण्यात नीट शिकलेला माणूस दुसऱ्यात गेला, तर त्याला चालीरीती तेवढ्या नव्या शिकाव्या लागतात, भाषा तीच राहते.

४. किती वर्षं सांभाळणार?

डिस्ट्रो निवडताना नवखा माणूस पडद्याचं रूप बघतो. मुरलेला माणूस विचारतो, “ही आवृत्ती किती वर्षं सांभाळणार?” सांभाळणं म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे बदल वेळच्या वेळी पाठवणं. ते थांबले, की ती आवृत्ती इंटरनेटला जोडणं धोक्याचं.

याबाबतीत डिस्ट्रोंच्या तीन चाली आहेत.

दीर्घ चाल : उबंटू दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये पाच वर्षं सांभाळली जाणारी आवृत्ती काढतं. एप्रिल २०२४ मधली २४.०४ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. तिच्यावर उभं असलेलं मिंट २२ सुद्धा २०२९ पर्यंत. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि एकूण पाचेक वर्षं टिकते. तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. रेड हॅट, रॉकी आणि अल्मा दहा वर्षांचा शब्द देतात.

द्रुत चाल : फेडोरा दर सहा महिन्यांनी नवं, प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने.

अखंड चाल : आर्चला आवृत्तीच नाही. बदल रोज वाहत असतात आणि तुम्ही त्यांच्याबरोबर वाहायचं.

जयगडमध्ये, दिवसाला दीड-दोन जीबीच्या कोट्यात, अखंड चाल परवडत नाही. दोन महिने बदल उतरवले नाहीत, की मग एकदम डोंगर उभा राहतो आणि त्यात काही बिनसलं तर दुरुस्त करायला शेजारी कुणी नसतं. दीर्घ चालीच्या आवृत्तीत बदल थोडे येतात, जपून येतात. आपल्याला तीच बरी.

मात्र दिलेला शब्दही कधी फिरतो. रेड हॅटच्या उत्पादनासारखंच, पण फुकट मिळणारं सेंटओएस वर्षानुवर्षं सर्व्हरवर राज्य करत होतं. पुण्यात आयसरमध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावरही सेंटओएसच बसवलं गेलं. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळू, असं सांगितलेलं होतं. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं, की ती २०२१ च्या अखेरीलाच बंद होणार. जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे धाबे दणाणले. पण काही महिन्यांत, मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स तयार झालं. रॉकी हे नाव सेंटओएसच्या एका दिवंगत संस्थापकाच्या आठवणीसाठी ठेवलेलं आहे. ज्यांनी त्या घराण्याची रीत शिकून घेतली होती, त्यांचं शिकलेलं काहीच वाया गेलं नाही. आज्ञा त्याच, फायली त्याच जागी, पाटी तेवढी बदलली. नावाऐवजी घराणं निवडा म्हणतो, ते यासाठी.

५. घरच्या संगणकासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा लॅपटॉपसाठी माझं उत्तर सरळ आहे : लिनक्स मिंट.

कारणं तीन. एक, महाराष्ट्रात संगणक शिकणं म्हणजे बहुतेकांसाठी एमएस-सीआयटी, आणि तिथे हाताला लागलेली सवय खालच्या पट्टीची, डाव्या कोपऱ्यातल्या मेनूची. मिंटचा पडदा तसाच आहे. दोन, ४ जीबी रॅमवरही त्याची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती बरी चालते. तीन, उतरवायची फाइल सुमारे ३ जीबीची. उबंटू २४.०४ ची ६ जीबीच्या घरात जाते. रोजच्या कोट्यात हा फरक दोन दिवसांचा आणि तीन-चार दिवसांचा आहे.

फाइल तुकड्यातुकड्याने उतरवली असेल तर ती धड आली आहे की नाही, हे तपासा. प्रत्येक डिस्ट्रो आपल्या फाइलची एक लांबलचक खूण-संख्या देते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. आपल्या फाइलची खूण काढून ती अक्षर-अक्षर जुळते का, ते पाहायचं. रेंज जात-येत असलेल्या ठिकाणी ही पाच मिनिटं पुढचा अख्खा दिवस वाचवतात.

मग ती फाइल रूफससारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर चढवा आणि त्याच्यावरूनच संगणक चालू करा. याला ‘लाइव्ह’ चालवणं म्हणतात. आपण ‘इन्स्टॉल’ म्हणेपर्यंत हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. या अवस्थेत चार गोष्टी तपासा : वायफाय लागतं का, आवाज येतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, आणि घरातला प्रिंटर छापतो का. काही जुन्या लेझर प्रिंटरचं लिनक्सशी अजिबात जमत नाही. ते आधी कळलेलं बरं.

मराठीचं काय? युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते. की-बोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं, की सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणी मिळते. उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांसाठीही सोय आहे. रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘लोहित’ फॉन्ट खुले करून दिले. पुण्यातल्या तिच्या कार्यालयातून आणि स्वयंसेवकांकडून मेनू-संदेशांच्या मराठीकरणाचंही पुष्कळ काम झालं. अडचण येते ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींची. लग्नपत्रिकेपासून ग्रामसभेच्या नोटिसीपर्यंत त्या अजून फिरतात आणि लिनक्सवर त्यांचा नुसता काला दिसतो. टॅलीही विंडोजसाठीच आहे. रोजच्या पोटापाण्याचं काम अशा गोष्टींवर असेल, तर विंडोज काढून टाकू नका. दोन्ही शेजारी शेजारी बसवा.

आणि वीज? लॅपटॉपची बॅटरी मेलेली, बदल उतरत आहेत आणि लाइट गेली. परत आल्यावर ॲप्ट काही बसवायला नकार देतं. घाबरून सगळं पुसू नका. पडद्यावरचा इंग्रजी निरोप नीट वाचा. काम अर्धवट राहिलं आहे आणि ते पुरं करायला कोणती आज्ञा द्यायची, हे त्यातच लिहिलेलं असतं : सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. ती जशीच्या तशी टंकली, की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ही आहे. ठरावीक दिवशी तो प्रणालीची प्रत काढून ठेवतो आणि बिघडल्यास त्या दिवसावर परत नेतो. पहिल्याच दिवशी तो चालू करा. आपले फोटो आणि कागदपत्रं मात्र त्यात येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवायची.

६. नोकरीसाठी

नोकरीतलं लिनक्स बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. ते टेबलावर नसतं, दूरच्या सर्व्हरवर असतं. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करणारे संगणकही लिनक्सवरच. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा कर्नलही लिनक्सचाच.

कामाप्रमाणे वाटा अशा फुटतात.

क्लाउड आणि वेब : इथे उबंटू आणि डेबियन सर्वत्र भेटतात. ॲमेझॉनच्या सेवेवर काम असेल, तर ॲमेझॉन लिनक्स, म्हणजे रेड हॅट घराणं.

बँका, विमा, मोठे उद्योग : इथे रेड हॅटचा जोर, कारण त्यांना बिघाडाच्या वेळी जबाबदारी घेणारी कंपनी हवी असते. या वाटेवर आरएचसीएसए या परीक्षेला मान आहे. तिच्यात पर्यायी प्रश्न नसतात. चालता संगणक पुढ्यात ठेवतात आणि दिलेली कामं ठरल्या वेळात करून दाखवायची असतात. सरावासाठी रेड हॅट व्यक्तिगत विकसकाला १६ संगणकांपर्यंत आपली प्रणाली फुकट देते. ती कटकट नको असेल, तर रॉकी किंवा अल्मावर सराव करा.

यंत्रं आणि उपकरणं : रास्पबेरी पायवर प्रयोग करायचे, तर डेबियन घराणं.

सायबर सुरक्षा : हॅकिंगचे व्हिडिओ बघून पुष्कळ मुलं थेट काली बसवतात. कालीच्या स्वतःच्या माहितीपत्रात लिहिलं आहे, की लिनक्स नव्याने शिकणाऱ्यासाठी ते नाही. आधी डेबियन किंवा उबंटू अंगवळणी पडू द्या. काली त्याच घराण्यातलं असल्याने नंतर जड जात नाही.

आपली वाट कोणती, हे कळत नसेल तर एक घरगुती सर्वेक्षण करा. ज्या पदाची इच्छा आहे, त्याच्या पुण्या-मुंबईतल्या वीस जाहिराती काढा. कागदावर दोन रकाने आखा. उबंटू किंवा डेबियन दिसलं की डावीकडे खूण, रेड हॅट, सेंटओएस, रॉकी दिसलं की उजवीकडे. नुसतं ‘लिनक्स’ लिहिलं असेल तर दोन्हीकडे. बेरीज समोर आली की कुणाच्या मताची गरज उरत नाही.

७. अडल्यावर विचारायचं कुणाला?

शिकताना अडणार, हे धरूनच चालायचं. म्हणून मदत कुठे आणि कोणत्या भाषेत मिळते, याला डिस्ट्रोच्या गुणांइतकंच वजन द्या.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प इथे फार उपयोगी आहे. दहाएक मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ, एकेका आज्ञेवर थांबत, शेजारी करून पाहत शिकायचे. लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत आणि त्यातला पडदा उबंटूचा आहे. जयगडमधल्या नवशिक्याने डेबियन घराण्यापासून सुरुवात करावी, याचं हे एकच कारणही पुरेसं आहे. पाठ एकदा उतरवून घेतले, की रेंज नसतानाही चालतात.

पुण्यात आणि मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे जुने गट आहेत. पुण्याचा गट ‘प्लग’ या नावाने ओळखला जातो. आर्चचं तपशीलवार माहितीभांडार आर्च न वापरणाऱ्यांनाही कामी येतं. आणि काहीच नसेल तेव्हा ‘मॅन’ ही आज्ञा आहे. ‘मॅन’ लिहून पुढे कोणत्याही आज्ञेचं नाव द्या, तिची पूर्ण माहिती संगणकातच असते. भाषा रुक्ष आहे, पण इंटरनेट लागत नाही.

सर्वांत मोठी मदत मात्र माणसाची. ओळखीतलं कुणी फेडोरा वापरत असेल आणि फोन उचलत असेल, तर तुमच्यासाठी फेडोरा चांगली. या प्रकरणातला बाकी सगळा सल्ला या एका कारणासाठी बाजूला ठेवायला हरकत नाही.

८. तीन निर्णय

आता हे तीन काल्पनिक माणसांवर लावून पाहू.

पहिली, रत्नागिरीच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारी मुलगी. नोकरी पुण्यात की मुंबईत, काहीच ठरलेलं नाही. घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि ते काढायला घरचे तयार नाहीत. तिने विंडोजमधली डब्ल्यूएसएल ही सोय वापरावी. एका आज्ञेने विंडोजच्या आतच उबंटू बसतं आणि सगळ्या आज्ञांचा सराव होतो. सहा महिन्यांनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या कल्पित संगणकावर, रॉकी बसवून दुसरं घराणं बघावं.

दुसरे, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर घरगुती निवासाची सोय चालवणारे गृहस्थ. संगणकावर काम एवढंच : ईमेल, नोंदणी, बिलाचा तक्ता, पाहुण्यांचे कागद छापणं. लॅपटॉप दहा वर्षांचा. त्यांना मिंट द्यावं आणि आज्ञा टंकायची काळी खिडकी कधी दाखवूही नये. त्यांना लिनक्स शिकायचं नाही, वापरायचं आहे.

तिसरे, शाळेतले शिक्षक. प्रयोगशाळेत देणगीतून आलेले जुने संगणक, प्रत्येकाची बनावट वेगळी. इथे डेबियन किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, पण सगळ्यांवर एकच. एका संगणकाचं दुखणं सुटलं, की त्याच उपायाने बाकीच्यांचंही सुटतं. फार जुन्या ३२-बिट संगणकांचा मोह सोडावा. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने त्यांच्यासाठी बसवणी देणं थांबवलं आहे.

९. पहिल्या महिन्याचं काम

निवड झाली, की ती दुसऱ्या दिवशी बदलू नका. आज मिंट, परवा फेडोरा, रविवारी आर्च असं करणाऱ्यांची गत ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी होते. त्यांना दहा डिस्ट्रो बसवता येतात आणि एकीतही फाइलच्या परवानग्या समजावून सांगता येत नाहीत.

महिन्याभरात पाच कामं हाताने करा. एका फोल्डरमधल्या शंभर फोटोंची नावं एका आज्ञेने बदला. नवा वापरकर्ता तयार करून त्याला एकच फोल्डर दिसेल असं करा. दुसऱ्या संगणकात किंवा फोनवरून आपल्या संगणकात एसएसएचने शिरा. अपाची बसवून घरच्या वायफायवर एक मराठी पान दाखवा. आणि रोज रात्री ठरल्या वेळी कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर जाईल, अशी सोय लावा.

ही पाचही कामं व्हिडिओ न बघता जमू लागली, की दुसऱ्या घराण्यातली एक डिस्ट्रो कल्पित संगणकावर बसवा आणि तीच पाच कामं पुन्हा करा. जिथे हात अडेल, तिथे वहीत एक ओळ लिहा. ती यादी तुमच्या अपेक्षेपेक्षा आखूड निघेल, आणि मुलाखतीला जाण्याआधी दुसऱ्या घराण्याचा अभ्यास म्हणून तेवढीच यादी वाचायची आहे.